दोन आणि तीनच्या मध्ये

१

भिंत लावायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागायची. आम्हाला म्हणजे मला आणि कप्तानला.

आमच्या गावाचं सेंटर अगदी समुद्राला लागून आहे. एका अंगाला गोल अरीना, तिथे सामने आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. दुसऱ्या अंगाला सभा-परिषदांचा लांबलचक हॉल. त्या हॉलचे गरजेप्रमाणे तीन भाग करून द्यायचे, ही माझी नोकरी. छताला पोलादी रूळ आहेत. रुळांना छतापासून जमिनीपर्यंत पोचणारी पॅनेलं टांगलेली असतात. एकेक चारशे किलोचं, पण चाकांवर असल्यामुळे दोघांनी ढकललं की मुकाट चालतं. एका भिंतीला अठरा पॅनेलं. ती कोपऱ्यातल्या कपाटातून एकेक ओढायची, कडेला कड भिडवायची, मग फटीत हँडल घालून फिरवायचं, म्हणजे खालून-वरून रबरी पट्टी बाहेर येऊन घट्ट बसते. अशा दोन भिंती लावल्या की झाले हॉल एक, दोन आणि तीन.

शेवटी तपासणी. मी हॉल दोनमध्ये भिंतीला तळहात टेकवून उभी राहायची आणि कप्तान हॉल तीनमधून तीन बुक्क्या मारायचा. हाताला थरथर लागली की काम झालं. कप्तान मूळचा फेरीबोटीवरचा. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथे आलेला. त्याच्या बुक्कीने माझा हात कोपरापर्यंत झिणझिणायचा.

त्या मंगळवारी सकाळी मी हात टेकवला आणि काहीच लागलं नाही. आवाज आला, पण बारीक. शेजाऱ्याच्याही शेजाऱ्याचं दार कुणीतरी ठोठावावं तसा.

"जोरात मारा ना, कप्तान!"

"जोरातच मारतोय!" तो ओरडला. तेही लांबून. बोट धक्क्यावरून सुटल्यावर मागे राहिलेल्याचा आवाज येतो, तसं.

वीतभर जाडीची भिंत. मला सर्दी झाली होती, कान बसले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. कप्तान व्हरांड्यातून फिरून माझ्याकडे आला. त्याच्या मुठीची कातडी सोलली होती.

२

त्याच आठवड्यात खुर्च्यांनी दगा दिला.

हॉल दोनमध्ये पंचवीस रांगा बसतात. मी अकरा वर्षं मांडतेय, डोळे मिटूनही मांडेन. त्या दिवशी बाविसावी रांग मांडली आणि माझी पाठ भिंतीला टेकली. तीन रांगा उरल्या.

आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. रांगांमधलं अंतर चुकलं असणार. पुन्हा मांडल्या. बावीस. मग टेप काढला. हॉल तीन मीटरने कमी. हॉल तीनमध्ये जाऊन मोजलं, तोही तीन मीटरने कमी. मधली भिंत मात्र आपल्या रुळाखाली होती, तसूभर सरकलेली नाही. हॉल एक जिथल्या तिथे.

माणूस अशा वेळी काय करतो? मी टेपला दोष दिला. टेप जुना झाला की ताणतो म्हणे. नवा मागवायचा अर्ज केला, तीन रांगा उचलून गोदामात ठेवल्या आणि चहा प्यायला गेले. पण चहा पिताना हिशेब सुटेना. तीन आणि तीन सहा. सहा मीटर म्हणजे चांगली ऐसपैस खोली होते.

३

पुढच्या सोमवारी दातांच्या डॉक्टरांची परिषद होती, हॉल दोनमध्ये. जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांचा संयोजक तावातावाने माझ्याकडे आला.

"शेजारी काय चाललंय? आमचा वक्ता मुद्दा मांडून थांबला की पलीकडे टाळ्या पडतात."

"शेजारी कुणी नाही, डॉक्टर. हॉल तीन रिकामा आहे."

"मग रिकाम्या हॉलला आमचं भाषण फारच आवडतंय म्हणायचं!"

मी त्यांना हॉल तीन उघडून दाखवला. गालिचा, बंद दिवे, गुंडाळलेला पडदा. संयोजक ओशाळला आणि गेला. मी मात्र राहिले. भिंतीपाशी जाऊन कान लावला.

पलीकडून वक्त्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. त्याऐवजी कुजबुज होती, खूप माणसं दबक्या आवाजात बोलतात तशी, शब्द न कळणारी. मी श्वास रोखला. आणि तेवढ्यात, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं.

"श्शू."

कुजबुज थांबली. भिंतीच्या अलीकडे मी ऐकत होते आणि पलीकडे सगळे मला ऐकत होते.

कप्तानला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. हँडलला तेल घालत बसला. "सूनबाई," तो म्हणाला, "आता मोजायला जाऊ नकोस. आपण मोजतोय हे त्यांना कळायला नको."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"मला काय माहीत? मी पण नाही मोजलं."

४

सूनबाई हे माझं नाव नव्हे. पण सगळं गाव मला याच नावाने हाक मारतं, कारण मी बाईंची सून. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं. पोलीस, डॉक्टर, बोटवाले, आमचे मॅनेजरसाहेब, सगळे त्यांच्या हातचा मार खाल्लेले. माझा नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. घरात आम्ही दोघीच. मी त्यांना आई म्हणते, आणि आमचं पटतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बेरीज बरोबर आहे ना तुझी?"

"तीनदा केली, आई."

"मग चूक हॉलची आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरल्या. कुणी माझ्यावर इतक्या पटकन विश्वास ठेवेल असं वाटलं नव्हतं. जरा बरं वाटलं, आणि भीती दुप्पट झाली.

५

महिन्याभराने वादळ आलं. सकाळी सहालाच भोंगा झाला आणि नऊपर्यंत किनाऱ्यालगतच्या सगळ्या वस्तीला सेंटरमध्ये आणलं. अरीनाच्या छताचे पत्रे आधीच वाजायला लागले होते, त्यामुळे आठशे माणसं लांब हॉलमध्ये.

"भिंती लावा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "लहान मुलं आणि आया तीनमध्ये, म्हातारे आणि आजारी दोनमध्ये, बाकीचे एकमध्ये."

"साहेब, दुसरी भिंत नको. एकच लावू."

"का?"

काय सांगणार? मी म्हटलं, "पट्टी नीट बसत नाही."

"अहो, वर छप्पर उडायला आलंय आणि तुम्ही पट्टीचं काय घेऊन बसलात!"

चूक त्यांची नव्हती. खरं कारण सांगायला माझीच जीभ रेटली नाही. मी आणि कप्तानने भिंती लावल्या. या वेळी बुक्क्या मारल्या नाहीत.

दोन्ही भिंतींत एकेका पॅनेलला छोटं दार आहे, एका वेळी एक माणूस जाईल एवढं. अकराच्या सुमाराला हॉल दोनच्या संडासांत गटाराचं पाणी उलटं आलं, म्हणून ते बंद केले आणि म्हाताऱ्यांना दोन आणि तीनमधल्या दारातून हॉल तीनच्या संडासाकडे पाठवायला सुरुवात झाली. मी हॉल एकमध्ये पाण्याचे कॅन वाटत होते. मला हे कुणी सांगितलं नाही.

बाराच्या आसपास दिवे गेले. वरच्या खिडक्यांतून करडा उजेड येत होता, तेवढाच. बाहेर समुद्र आणि वारा यांचा एकच आवाज झाला होता. गावच्या दवाखान्यातली नर्सताई यादी घेऊन माझ्याकडे आली. शहाणी, न घाबरणारी मुलगी. यादीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

"दोनमध्ये सकाळी दोनशे बारा होते. आत्ता दोनशे तीन."

"तीनमध्ये गेले असतील."

"तिथे पण मोजले. तिथे एकही म्हातारं माणूस नाही. व्हरांड्याच्या दाराला कुलूप आहे, ते मीच लावलंय." मग तिने आवाज खाली आणला. "ज्यांच्याबरोबर कुणी गेलं, ते सगळे परत आलेत. जे एकटे गेले तेवढेच…"

"आई कुठे आहेत?"

"बाईंना मी म्हटलं, सोबत येते. तर म्हणाल्या, मी काय बालवाडीत आहे का?"

६

मी दोन आणि तीनमधल्या त्या छोट्या दारापाशी धावत गेले आणि ते उघडलं. पलीकडे हॉल तीन होता. मुलं, आया, सतरंज्या, कुणीतरी रडणारं बाळ. सगळं ठीक. बंद केलं. पुन्हा उघडलं. पुन्हा हॉल तीन.

मग मी कान लावला.

वाऱ्याच्या आवाजाखाली आईंचा आवाज होता. शांत. इतका शांत आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. त्या कुणाच्या तरी प्रश्नांची उत्तरं देत होत्या. नाव. वय. "हो, एकटीच." मग जरा वेळ काही नाही. मग, "बसते ना. मला काही घाई नाही." आणि टाळ्या.

आईंना घाई नाही! शेजारच्या घरी जायचं असलं तरी ज्या तासभर आधी चपला घालून बसतात, त्यांना!

मी हँडल उचललं. "कप्तान, भिंत काढायची."

तो जागेवरून हलला नाही. "आतली माणसं? भिंत गेली आणि ती खोलीही गेली, तर त्यांचं काय?"

हा विचार मी केला नव्हता. "मग आधी एकच पॅनेल," मी म्हटलं. "कपाटाजवळचं. मी आत जाते."

मॅनेजरसाहेब धावत आले. "आत्ता? वादळात भिंत सरकवणार?"

"साहेब, नऊ माणसं भिंतीत आहेत. बाई आहेत त्यांच्यात."

माझा चेहरा पाहून असेल किंवा बाईंचं नाव ऐकून असेल, त्यांनी कोट काढला आणि बाह्या सरसावल्या.

पट्टी सुटली, पण पॅनेल हलेना. जे दोघांनी सरकतं ते सहाजणांनी हलेना. कप्तानने हॉल एककडे तोंड करून हाक दिली आणि बोटवाले आले, गोदीतले हमाल आले, चाळीस-पन्नास माणसं. दोरखंड बांधला. कप्तानने फेरीबोटीवरचा ताल धरला, "ओढ, धर! ओढ, धर!" आणि पॅनेल चार फूट सरकलं.

"धरून ठेवा!" तो ओरडला. दोर ताठ झाला होता. पॅनेल परत जायला बघत होतं.

७

फटीतून हॉल तीन दिसायला हवा होता.

दिसली ती लांब, अरुंद खोली. तिथे दिवे चालू होते. पिवळट, मंद. आमच्याच गालिच्याचा रंग, आमच्याच खुर्च्या, आणि सगळ्या भरलेल्या. रांगांमागून रांगा, आमच्याकडे पाठ करून बसलेली माणसं, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला किंचित कललेल्या, लक्षपूर्वक ऐकणाऱ्याची कलते तशा. शेवटच्या रांगेत मला ओळखीच्या पाठी दिसल्या. एका काकांची काठी. आईंचा पांढरा अंबाडा.

मी आत पाऊल टाकलं. वादळाचा आवाज एकदम बंद झाला.

"आई, उठा."

त्यांनी मागे न बघता हात वर केला. थांब जरा.

मी खांदा धरून हलवला. गार होता, पण जिवंत होता. "आई, घरी चला. संपलंय हे." त्यांच्या ओठांवर हसू होतं, परक्या माणसासाठी ठेवतात तसं. मी घाबरून गेले आणि घाबरलेली माणसं करतात तेच केलं, चिडले. त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि अकरा वर्षांत काढला नव्हता असा आवाज काढला.

"वर्गात झोपता, बाई? छत्तीस वर्षं दुसऱ्यांना उठवलंत आणि आता स्वतः झोपता?"

आईंचे डोळे हलले. माझ्यावर स्थिर झाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी पाहून मला रडूच आलं.

"कुणाशी बोलतेस तू?" त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांना कळलं. काय कळलं ते मी आजही विचारलेलं नाही. त्या उठल्या, पदर खोचला आणि शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उभे राहा!"

आमचे आठ उठले. काठीवाले काका, दोघी म्हाताऱ्या बहिणी, सगळे. झोपेतून उठल्यासारखे, पण उठले.

आणि मग बाकीच्या रांगाही उठल्या.

एकदम, एकाच आवाजात. अजून त्या वळल्या नव्हत्या. वळण्याआधी मी रांगांच्या पुढे, पार टोकाच्या व्यासपीठाकडे पाहिलं, पाहायला नको होतं. आत शिरताना तिथे कुणीतरी उंच उभं आहे असं मला वाटलं होतं. ते उभं नव्हतं. त्याचे पाय जमिनीला टेकलेच नव्हते. ते वर छताला टांगलेलं होतं, आणि चाकांचा ओळखीचा आवाज करत आमच्या दिशेने सरकू लागलं.

"हात धरा एकमेकांचे!" आई ओरडल्या. "रांगेत! धक्काबुक्की नाही!"

आम्ही फटीकडे निघालो. शेवटची मी. मागे बघितलं नाही. ऐकू येणारी पावलं आमच्या दहाजणांचीच नव्हती, एवढं सांगते. कप्तानचा हात फटीतून आत आला, त्याने पहिल्या काकांना ओढलं, मग दुसऱ्यांना, मग बहिणींना. आई फटीच्या तोंडाशी थांबल्या आणि मोजायला लागल्या. "सहा, सात, आठ. मी नऊ. तू बाहेर हो आधी."

"आई, तुम्ही जा!"

"वर्ग सुटल्यावर शिक्षक शेवटी निघतो," त्या म्हणाल्या आणि मला धक्का मारून बाहेर ढकललं. माझ्या हातात त्यांचं मनगट होतं. ते मी सोडलं नाही. आम्ही दोघी एकमेकींवर आपटून गालिच्यावर पडलो आणि वादळाचा आवाज पुन्हा कानांवर कोसळला. इतका गोड आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

८

"आता सगळी काढा!" मी ओरडले.

हॉल तीनमधल्या आयांनी नंतर सांगितलं की त्यांना पॅनेल सरकताना दिसलं, मी चार फुटांच्या फटीत शिरताना दिसले, आणि मग कितीतरी वेळ मी कुठेच नव्हते. त्यामुळे आम्ही हाक दिली तेव्हा कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. बाळं खाली ठेवून त्याही आल्या. हॉल एकमधले सगळे आले. मॅनेजरसाहेब दोराला होते, नर्सताई होती, ज्यांची माणसं परत आली होती ते होते. कप्तान खुर्चीवर चढून ताल देत होता.

"ओढ, धर! ओढ, धर!"

दुसरं पॅनेल जड गेलं. तिसरं त्याहून जड. पाचव्याला आतून काहीतरी धरून असल्यासारखा हिसका बसला आणि पहिल्या फळीतली दहा माणसं गुडघ्यांवर आली. उठली. पुन्हा दोर धरला. नवव्यानंतर आतल्या पिवळट उजेडाची एक बारीक रेघ जमिनीवर दिसली. बारावं पॅनेल निघालं तेव्हा ती विझली. त्यानंतरची सहा तर आपल्या पायांनी आल्यासारखी आली, नेहमीसारखी, दोघांनी ढकलावीत अशी.

अठरावं कपाटात गेलं. हॉल दोन आणि हॉल तीन यांच्यामध्ये गालिच्यावर एक सरळ ओळ होती आणि दोन्ही बाजूंना माणसं. बस्स. एवढंच.

नर्सताईने यादी वाचली. प्रत्येक नावाला उत्तर आलं. दोनशे बारावं नाव तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"हजर!" आई म्हणाल्या.

जो जल्लोष झाला तो वाऱ्यालाही पुरून उरला. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. दोन हमालांनी कप्तानला खुर्चीसकट उचललं. आई मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मघाशी मला बाई म्हणालीस."

"चुकलं, आई."

"आणि ओरडलीस."

"हो."

"आवाज चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. "वापरत जा."

९

वादळ ओसरल्यावर दहा दिवसांनी कार्यालयात बैठक झाली. मॅनेजरसाहेबांच्या वरचे एक अधिकारी आले होते, वादळाच्या दिवशी नसलेले. पुढच्या आठवड्यात परिषद आहे, भिंती लागणार, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"दुसरी भिंत लागणार नाही," मी म्हटलं. "तिचे रूळ कापून काढायचे."

"कारण?"

माझी जीभ या वेळी अडली नाही. जे पाहिलं ते सांगितलं, सरकत आलेल्या त्या गोष्टीसकट. अधिकारी हसले. तेवढ्यात दार उघडलं आणि नऊ म्हातारी माणसं आत आली. आई सगळ्यात पुढे. ओळीने भिंतीला टेकून उभी राहिली, एवढंच. अधिकाऱ्यांनी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलं. मग मॅनेजरसाहेबांनी टेबलावरचा कागद ओढला, सही केली आणि म्हणाले, "उद्याच कापू."

वेल्डर सकाळी दहाला शिडीवर चढला. सगळी दारं-खिडक्या उघड्या होत्या, हॉलभर ऊन होतं. आई खुर्ची टाकून खाली देखरेखीला बसल्या होत्या. वेल्डर वर गेला आणि थांबला.

"बाई, इथे एक गंमत आहे," तो वरून म्हणाला. "रुळाच्या बाजूला नुसती तुळई आहे. इथे रूळ कधी नव्हताच. पण तुळई खालून घासून चकचकीत झालीय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकं फिरल्यासारखी."

कप्तानने माझ्याकडे पाहिलं. मी आईंकडे पाहिलं.

"तुळईवर आडवे तुकडे जोडता येतील का?" मी वेल्डरला विचारलं. "हातभर अंतरावर एकेक. काही सरकू नये असे."

"येतील की."

"मग जोड. आणि रूळ काप."

ठिणग्या उडाल्या. पहिला तुकडा दोराला बांधून आम्ही खाली घेतला. जड होता. मी पुढच्या टोकाला खांदा दिला, मागे कप्तान, मध्ये मॅनेजरसाहेब, नर्सताई आणि आणखी आठजण. आई पुढे होऊन "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत वाट मोकळी करत होत्या, आणि आम्ही तो रूळ मोठ्या दारातून, भर उन्हात, बाहेर काढला.